सगळ्यांचा पहिला नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर रुजू झालो. खोली गाद्यांच्या शोरूमच्या वर आहे. धंदा साहेबांचा, आणि आपल्या गाद्यांच्या जाहिराती कुठेतरी सतत वाजाव्यात म्हणून त्यांनी इंटरनेट रेडिओ काढला आहे. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या चारही भिंतींवर शिलाई चुकलेल्या गाद्या ठोकल्या आहेत. आत पाऊल टाकलं की आडवं व्हावंसं वाटतं, पण आडवं होण्याची सोय फक्त भिंतीवर आहे.

काम असं. बोलणारे तिघे आपापल्या घरी असतात. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. आपल्या वेळेला घरून सर्व्हरला जोडून घ्यायचं, बोलायचं, गाणी लावायची आणि वेळ संपली की सुटायचं. मग पुढच्याने जोडायचं. कोणीच जोडलेलं नसेल, किंवा वीस सेकंद शांतता झाली, तर सर्व्हर आपोआप गाणी लावतो. त्याला इथे सगळे ‘यंत्र’ म्हणतात.

साहेब म्हणाले, “सहा आठवडे बघतो. माणसं नीट चालली तर चालली. नाहीतर तिघांनाही नारळ आणि चोवीस तास यंत्र. यंत्र शिंकत नाही, रुसत नाही. आणि तू एक दोषवही ठेव. कोण किती उशिरा आलं, किती वेळ सामसूम होती, सगळं लिही. सेकंदासकट.”

मला हे फार आवडलं. चूक कळली की सुधारता येते. तीन चांगल्या पट्ट्या आणि लाल पेन घेतलं.

ही नोकरी टिकली पाहिजे. अकरावीत शिक्षण सुटल्यापासून हे चौथं ठिकाण. झेरॉक्सच्या दुकानातून काढलं, कारण मी गिऱ्हाइकांच्या अर्जांतलं शुद्धलेखन न विचारता सुधारत होतो. भाऊजी साहेबांच्या गाद्या टेम्पोने पोचवतात, त्यांनीच शब्द टाकला.

जेवताना भाऊजींनी विचारलं, “ती वही कोणासाठी?”

“सुधारणेसाठी.”

त्यांनी ताईकडे पाणी मागितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिघांशी फोनवर ओळख झाली.

दहा ते बारा काका. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. बोलतात बाथरूममधून, तिथे आवाज भारदस्त येतो म्हणून. आज दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुनेने दार ठोठावलं. “बाबा, आज मला अंघोळ मिळणार का?” हे सगळीकडे ऐकू गेलं. काका म्हणाले, “श्रोतेहो, या आपल्या सर्वांत जवळच्या श्रोत्या.” दोष क्रमांक ३.

बारा ते दोन बाई. चौतीस वर्षं गणित शिकवलं. मी त्यांना डीजे म्हटलं तर म्हणाल्या, “डीजे म्हणजे भिंती हलवणारा. मी डोकी हलवते.” दोन जुनी गाणी झाली की त्या एक गणित घालतात आणि श्रोत्यांना सोडवायला एक मिनिट देतात. त्या मिनिटात त्या गप्प बसतात. गप्प बसल्या की विसाव्या सेकंदाला यंत्र गाणं लावतं. हे समजावून सांगितल्यावर त्या मिनिटभर टेबलावर पेन्सिल आपटू लागल्या. सर्व्हर फसला. हा दोष कोणत्या रकान्यात लिहावा ते ठरत नाही.

दोन ते चार वादळ. हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. बोलतो मात्र इतका हळू की मला आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवावी लागते. मग त्याच्या आईचाही आवाज येतो.

“कमी कर ते!”

“आई, लोक ऐकतायत.”

“मग त्यांनाही सांग कमी करायला.”

आज एकूण श्रोते १४. दोष ९.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुख्य अडचण बाराच्या ठोक्याला आहे. काका सुटत नाहीत. ते सुटल्याशिवाय सर्व्हर दुसऱ्याला आत घेत नाही. मला इथून त्यांना बाहेर काढता येतं, पण तेवढं धाडस होत नाही. आज ते घाटात बंद पडलेल्या गाडीची गोष्ट सांगत होते. गाडी बारा वाजून सात मिनिटांनी सुरू झाली. तोपर्यंत बाईंना सर्व्हरने चौदा वेळा परत पाठवलं.

बाईंचा फोन आला. “चौतीस वर्षं मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. त्याची फेड आज झाली.”

मी तीनदा माफी मागितली. त्या म्हणाल्या, “एकदा पुरे. तीनदा मागितली की खोटी वाटते.”

संध्याकाळी सर्व्हरची सगळी पानं वाचली. एक सोय सापडली आहे. प्रत्येक माणसाला प्राधान्य क्रमांक देता येतो. वरच्या क्रमांकाचा माणूस आला की खालच्याला सर्व्हर स्वतःच बाहेर काढतो. कोणालाच फोन करून ‘उठा’ म्हणावं लागणार नाही. मला खूप हलकं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वादळ १, बाई २, काका ३ असे क्रमांक दिले. कारण साधं. मागून येणाऱ्याला आधीच्याला उठवता आलं पाहिजे. सुबक तक्ता केला आणि सगळ्यांना माहिती असावी म्हणून ग्रुपवर टाकला.

माझं लग्न झालेलं नाही, पण लग्नात मानपानावरून काय होतं ते मला आज कळलं.

काका: “बाळा, मी तिसरा? माझ्या हाताखालून दोन हजार माणसं रस्त्यावर गेली. त्यातली बरीच अजून जिवंत आहेत.”

बाई: “मी आयुष्यभर दुसरे नंबर वाटले. घेतला कधीच नाही.”

वादळ: “भावा, मला एक नको. बाई बघतायत.” मागून त्याची आई: “का नको? घे! बारावीत मिळाला नाही, इथे तरी घे!”

हा मानाचा क्रमांक नाही, सर्व्हरचा आहे, असं मी सविस्तर लिहून पाठवलं. कोणी वाचलं नाही. काकांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तो वर होता की खाली ते चित्रात नीट दिसत नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस काका बोललेच नाहीत. दहा ते बारा यंत्र वाजत होतं. शेवटी आज तिघांनाही क्रमांक १ दिला. शांतता झाली. मीही दीड दिवसाने नीट जेवलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

क्रमांक सारखे असले की सर्व्हर मागून येणाऱ्याला आत घेतो आणि आत असलेल्याला काढतो. हे त्या पानावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात होतं. मी वाचलंही होतं. पण तिघांपैकी कोणी मुद्दाम तसं करेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बारा वाजून दोन मिनिटांनी बाईंनी काकांना काढलं. काकांनी लगेच परत जोडून बाईंना काढलं. मग बाईंनी काकांना. दोघंही आपलं वाक्य अर्धवट टाकायला तयार नाहीत, त्यामुळे लोकांना ऐकू गेलं ते असं: “उजवीकडे वळताना आधी आरशाला”, “चारने भागा, बाकी उरते”, “एक म्हातारी, ती मधूनच रस्ता”, “छेदते त्या बिंदूला म नाव देऊ”, “पण ब्रेक दाबू नका”.

अकरा मिनिटांत एकोणीस वेळा. शेवटी समजूत घालायला म्हणून वादळ आत आला. “काका... बाई... मी काय म्हणतो...” एवढंच म्हणाला आणि त्यालाही बाईंनी काढलं.

श्रोत्यांची संख्याही या काळात विनाकारण वाढून ६३ झाली. सर्व्हरवर ताण आला असणार.

एकोणीसच्या एकोणीस नोंदी वेळेसकट केल्या आणि वही घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी पानं उलटली. चेहरा खुलत गेला.

“एकोणीस! वा! खाडाखोड नाही कुठे?”

“नाही साहेब.”

“अक्षर सुंदर आहे तुझं. अजून बारीक लिही.”

माझ्या अक्षराला आजवर कोणी सुंदर म्हटलं नव्हतं. घरी येताना ताईसाठी केळी घेतली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

क्रमांक काढून पूर्वीसारखं करू का म्हणून विचारलं. काका म्हणाले, “राहू दे बाळा. आता हात बसलाय.” बाई म्हणाल्या, “त्यांना शिस्त लागेपर्यंत राहू दे.” आता रोज बाराला काका आणि बाई, आणि दोनला बाई आणि वादळ. वादळ हल्ली थोडा मोठ्याने बोलतो. काल त्याने बाईंना एकदा काढलं आणि लगेच स्वतःच माफी मागून बाहेर पडला.

दोष एकूण ८६. श्रोते आज १०२.

श्रोत्यांचे संदेश येतात. त्यांना उत्तर देणंही माझ्याकडेच आहे. एकाने विचारलं, “आज भांडण किती वाजता?” मी कळवलं की असं काहीही नियोजित नसून गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्यावर एकवीस जणांनी हसणारी तोंडं पाठवली. लोक इतके समजूतदार असतात हे पाहून बरं वाटलं.

ताई शिवणकाम करताना रेडिओ लावते हे आज कळलं. तिच्या मापांच्या वहीच्या मागच्या पानावर बाईंची गणितं सोडवलेली होती. मी विचारल्यावर तिने वही उलटी ठेवली. “टाइमपास. चुकलंय बहुतेक.”

चुकलं नव्हतं. मी दोनदा तपासलं.

४ मार्च, मंगळवार

शोरूममध्ये एक माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. यंत्राचं नवं मॉडेल विकतो. ते नुसती गाणी लावत नाही, बोलतंसुद्धा. साहेबांनी त्याला माझ्या दोषवहीच्या प्रती दिल्या. त्याने मान डोलावली आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. म्हणाला, “तुमच्यामुळे आमचं काम सोपं झालं.”

चांगल्या नोंदी कशा ठेवाव्यात याचा नमुना म्हणून साहेबांनी त्या दिल्या असाव्यात, असं मी घरी सांगितलं.

भाऊजींनी घास खाली ठेवला. “गाढवा, त्या तिघांना काढायला कारण हवं होतं. ते तू पट्टी मारून, लाल पेनाने लिहून दिलंस.”

“पण खरं तेच लिहिलं मी.”

“खरं रे. म्हणूनच तर.”

ताईने उठून माझ्या पानात न विचारता वाढलं.

आता लिहिताना वही पहिल्यापासून चाळली. एकशे चाळीस दोष. एकही खोटा नाही. एखादा तरी खोटा निघाला असता तर बरं झालं असतं.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस एकही नोंद केली नाही. आज साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, दोष झाले नाहीत. नेमका त्याच क्षणी शोरूमच्या स्पीकरमधून काकांच्या सुनेचा आवाज आला, “बाबा, गॅस सिलेंडरवाला आलाय, बाहेर या!”

साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे वेळ साधत नाही.

१० मार्च, सोमवार

आज यंत्राची चाचणी. साहेबांनी तिघांना सुट्टी दिली आणि दिवसभर नवं मॉडेल लावलं. त्यातली बाई, म्हणजे यंत्रातली, फार गोड बोलते. “तुमचा दिवस सुंदर जावो.” दर बारा मिनिटांनी. शिंक नाही, सून नाही, पेन्सिल नाही.

दोष शून्य. श्रोते सकाळी ९५, दुपारी ११, चारच्या सुमारास ३. त्यातला एक मी आणि एक शोरूमचा स्पीकर. तिसरा कोण ते कळलं नाही, पण त्याची काळजी वाटली.

खालचा सेल्समन वर आला. “साहेब, दोन गिऱ्हाइकं डिस्प्लेच्या गादीवर झोपलीत. उठत नाहीत.”

“म्हणजे गादी चांगली!” साहेब खूश झाले. मग मला म्हणाले, “उद्या दुपारी तो यंत्रवाला करार घेऊन येतोय. बाराच्या आत तिघांची खाती काढून टाक. तू घाबरू नकोस, तुला ठेवतोय. यंत्र पुसायला तरी माणूस लागेलच.”

म्हणजे माझी नोकरी पक्की झाली. हे वाक्य इथे लिहून बराच वेळ बघत बसलो. घरी अजून सांगितलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आधी तिघांना फोन केले. न सांगता काढणं बरं दिसत नाही.

काका म्हणाले, “ठीक आहे बाळा. पण आजचा वेळ पुरा करू दे. गाडी रस्त्यात सोडून उतरू नये.”

बाई म्हणाल्या, “वाक्य अर्धवट ठेवायची मला सवय नाही. बाराला मी येईन. काढायचं तर मी बोलत असताना काढ.”

वादळचा फोन त्याच्या आईने घेतला. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “आत्ता कुठे बोलायला लागला होता रे.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

पावणेबाराला खात्यांचं पान उघडलं. तीन नावं, नावापुढे ‘काढा’. बोट ठेवून बसलो. बारा वाजले. दाबलं नाही. मी काही ठरवलं वगैरे नव्हतं. बोट दबत नव्हतं एवढंच.

काका शेवटची जाहिरात वाचत होते. “पाठ सांभाळणारी, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी गादी...” तेवढ्यात बाईंनी त्यांना काढलं.

“दोन वर्षं झोपतेय मी त्या गादीवर. मधोमध खड्डा पडलाय. चला, शेवटचं गणित. खड्डा लांबीला साठ सेंटिमीटर, रुंदीला चाळीस, सरासरी खोली पाच. घनफळ काढा. एक मिनिट.” आणि पेन्सिल.

पेन्सिल वाजत असतानाच काका परत आले. “बाई, खड्ड्यात पहिला गिअर टाकायचा!” मग वादळ, चक्क मोठ्याने: “माझ्या आईच्या गादीलाही आहे!” मागून आई: “सांग, दोन आहेत म्हणावं!”

श्रोते १८८. संदेश धडाधड येत होते. बारा हजार घन सेंटिमीटर. बारा हजार. एकाने आपल्याच गादीचं माप पाठवलं.

जिना हादरला. साहेब एका पायात चप्पल घालून वर आले. खाली शोरूममध्ये सहा गिऱ्हाइकं उभी राहून हे ऐकत होती आणि सेल्समन हसत होता. मला वाटलं, साहेब वायर ओढणार. त्यांनी टेबलावरचा माइक ओढला.

“जोड मला!”

“साहेब, तुमचं खातं...”

“जोड म्हणतो ना!”

मी चाचणीसाठी ठेवलेलं, क्रमांक एकचंच खोलीचं खातं जोडलं. “बाई! ती गादी दर तीन महिन्यांनी उलटायची असते! मागे लिहिलंय!”

बाईंनी त्यांना काढलं. “उलटली. आता खड्डा खालून आहे.”

“मला परत जोड!”

असं अकरा वेळा. साहेबांचा सदरा भिजला. करारवाला माणूस तीन वाजता आला. साहेब कापूस कसा पिंजतात ते श्रोत्यांना समजावत होते. त्यांनी त्याला हाताने ‘खाली बस’ अशी खूण केली. तो खाली गेला आणि डिस्प्लेच्या गादीवर टेकला. पाचला सेल्समनने त्याला उठवलं.

कराराचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खाती तशीच आहेत.

१३ मार्च, गुरुवार

साहेबांनी स्वतःच्या फोनवर खातं करून घेतलं. “तक्रारींना उत्तर द्यायला,” म्हणाले. केबिनमधून कधीही जोडतात. आज तेहतीस मिनिटं बोलले, त्यातली चार तक्रारींवर आणि बाकीची त्यांच्या लहानपणावर.

करारवाल्याचा दोनदा फोन आला. साहेब चालू कार्यक्रमात होते.

१७ मार्च, सोमवार

आज सहा आठवडे संपले. तिघं राहणार की जाणार, मी राहणार की जाणार, यावर साहेब एक अक्षर बोलत नव्हते. कारण ते बोलत होते ते सर्व्हरवर.

बाईंनी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी पूर्णविराम दिला. लगेच साहेब आत आले आणि पहिल्या दुकानाची गोष्ट सुरू केली. दोन वाजले. दोन पाच. दोन दहा. वादळचा फोन आला.

“भावा, माझी वेळ झाली.”

“मग जोड. तुझाही क्रमांक एकच आहे.”

“मालकाला कसा हाकलू? तू बोल ना.”

“मी कसा बोलू?”

मागून आई: “मी बोलू का?”

दोन वाजून चौदा मिनिटं. साहेब दुकानाच्या पाटीचा रंग ठरवत होते. मी दोषवही उघडली, लाल पेनाने लिहिलं: साहेब, १४ मिनिटे, कारण बोलघेवडेपणा. लिहून झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही हे लक्षात आलं. लिहिल्याने कोणीच सुटत नाही. इतके दिवस मी नुसतं लिहीतच होतो.

मग मी साहेबांचं नाव शोधलं आणि त्यांना कार्यक्रमातून बाहेर काढलं. वादळ आत आला. “नमस्कार. उशीर झाला. माझी चूक नाही.” मोठ्याने, स्पष्ट.

जिन्यात पावलं. मी उभा राहिलो. टेबलावरचं माझं सामान, म्हणजे पट्ट्या आणि डबा, पिशवीत भरलं, म्हणजे नंतर परत यायला नको.

साहेब दारात. धाप लागलेली.

“मी बंद कसा पडलो? नेट गेलं?”

“नाही साहेब. मी काढलं.”

“मला?”

“वेळ त्याची होती.”

साहेब गादीला टेकले, भिंतीवरच्या. स्पीकरमधून वादळ कोणाला तरी हसवत होता. खाली शोरूममध्येही हसू आलं. साहेबांनी कान देऊन ऐकलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि ती खुर्चीवरून उचलून खाली ठेवली. खुर्चीत बसले.

“पाटीचा रंग राहिला सांगायचा,” म्हणाले. “मला रोजची ठरलेली वेळ दे.”

मी तक्ता उघडला. “नऊ ते दहा रिकामं आहे. दहाला काका येतात. दहा म्हणजे दहा.”

“आणि झाला उशीर तर?”

“तर काढीन, साहेब.”

ते उठले. “त्या यंत्रवाल्याला कळव, येऊ नको म्हणावं. सकाळी मला वेळ नाही.” दाराशी थांबले. “आणि ते नीट लिही पत्रात. तुझं अक्षर बरं आहे.”

साहेब जिना उतरताना ऐकू येत होतं. “नमस्कार श्रोतेहो.” दोन पायऱ्या. मग जाड आवाजात, “श्रोतेहो, नमस्कार!” आणखी दोन पायऱ्या, आणि मग अगदी हळू, वादळसारखं.